व्हॉल्व्हची बैठक : फळीवरील रेडिओबांधणीतील एका घरगुती भागाचा इतिहास

आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, औरंगपुरा ही वस्ती शाळा, महाविद्यालय आणि पुस्तकांची दुकाने यांमुळे ओळखली जाते. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचे आवार येथेच आहे. या वस्तीपासून मुंबई सरळ रेषेत सुमारे १७० मैल दूर पडते. भूगोलाच्या पुस्तकात हा आकडा निरुपद्रवी वाटतो. परंतु रेडिओच्या पहिल्या दशकात त्याला निराळेच महत्त्व होते. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट होती आणि त्याचा खात्रीचा पल्ला सुमारे तीस मैलांचा मानला जाई. या तीस मैलांच्या वर्तुळात राहणाऱ्या श्रोत्याचे काम गॅलिनाचा खडा, बारीक तार आणि कानाला लावायचे हेडफोन एवढ्यावर भागत असे. अशा खड्याच्या यंत्राला बॅटरी लागत नाही आणि व्हॉल्व्हही लागत नाही. वर्तुळाबाहेरच्या माणसाला मात्र व्हॉल्व्हशिवाय गत्यंतर नव्हते. मुंबईचा गृहस्थ ज्याला चैन म्हणू शकला असता, ती औरंगाबादेच्या अंतरावर निकड ठरत होती.

व्हॉल्व्ह आला की त्याला बसवायला जागा हवी. ही जागा, म्हणजे व्हॉल्व्हची बैठक किंवा होल्डर, हा रेडिओच्या इतिहासलेखनात जवळजवळ उपेक्षित राहिलेला भाग होय. फ्लेमिंगने १९०४ साली शोधलेल्या दोन अग्रांच्या नळीविषयी आणि डी फॉरेस्टने १९०६ साली तीत घातलेल्या तिसऱ्या अग्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या चार छिद्रांत ती नळी उभी राहते, त्यांविषयी क्वचितच कोणी लिहिले. वस्तुतः सामान्य माणसाच्या हाताला त्या सबंध यंत्रात जे करणे शक्य होते, ते या छिद्रांपाशीच सुरू होते. काचेतील हवा काढणे घरी साधत नाही. टंगस्टनची तार ओढणे घरी साधत नाही. बैठक करणे साधते.

१९२०च्या दशकातील घरगुती यंत्राची मांडणी आधी ध्यानात घेतली पाहिजे. पुढे पत्र्याची पेटी आली आणि सर्व जोडण्या तिच्या पोटात लपल्या. त्यापूर्वी यंत्र एका आडव्या लाकडी फळीवर उघडे मांडले जात असे. या फळीला बेसबोर्ड म्हणत. तिच्या पुढल्या कडेला एबोनाइटचा उभा तक्ता, त्यावर फिरवायची बटणे, आणि फळीवर लाकडी स्क्रूने पक्की केलेली वेटोळी, कंडेन्सर व व्हॉल्व्हच्या बैठका. तारा वरूनच चौकोनी वळणे देत नेलेल्या. यंत्र कसे चालते हे फळीकडे पाहून कळे, आणि एखादा भाग काढून दुसरा लावण्यास स्क्रू-पिळणीखेरीज काही लागत नसे. हौशी माणसाला शिकण्यासाठी याहून सोयीची रचना सापडणे कठीण. कारखान्यात तयार झालेल्या देखण्या पेटीने हा मोकळेपणा हिरावून घेतला, असे म्हटले तर ते सर्वस्वी अतिशयोक्तीचे होणार नाही.

अशा फळीवरील बैठकीचा आकार कोणी ठरवला? त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धात सापडते. फ्रेंच सैन्याच्या तारायंत्रविभागाचे प्रमुख गुस्ताव्ह फेरिए यांच्या पुढाकाराने १९१५ साली लियाँ शहरी ‘टीएम’ नावाचा व्हॉल्व्ह सिद्ध झाला आणि युद्धकाळात तो लाखांच्या संख्येने निघाला. त्याच्या बुडाला चार पिना होत्या : दोन फिलामेंटच्या समोरासमोर, एक ग्रिडची, आणि तिच्या समोर, मध्यापासून किंचित अधिक दूर, प्लेटची. ब्रिटिशांच्या ‘आर’ व्हॉल्व्हने हीच मांडणी उचलली, आणि शांततेच्या काळात इंग्लंडातील घरगुती यंत्रांचा तोच प्रमाण साचा झाला. लढाईच्या धांदलीत ठरलेले चार बिंदू पुढे ज्या ज्या देशात ब्रिटिश माल गेला, तेथील हौशी कारागिरांच्या गिरमिटाला जागा दाखवू लागले. अमेरिकेने निराळी तोड काढली. दोन पिना जाड आणि दोन बारीक ठेवल्या, म्हणजे व्हॉल्व्ह उलटा बसूच नये. ब्रिटिश मांडणीत हे काम अंतराच्या विषमतेवर सोपवलेले होते.

ही विषमता शोभेची नव्हती. फिलामेंट दोन व्होल्टांवर चालणारे आणि प्लेटला लागणारा दाब साठपासून सव्वाशे व्होल्टांपर्यंतचा. व्हॉल्व्ह बसवताना छिद्रे चाचपडत असता फिलामेंटच्या पिना क्षणभर जरी बॅटरीच्या उच्च दाबाच्या वाटेत आल्या, तरी तार तत्काळ जळे आणि काचेची ती महागडी नळी निकामी होई. प्लेटची पिन दूर असल्यामुळे व्हॉल्व्ह चुकीचा पूर्ण बसत नसे हे खरे. पण बसण्यापूर्वीच्या त्या चाचपडण्याला या युक्तीने अटकाव होत नसे. सुरुवातीच्या विकत मिळणाऱ्या बैठकांत पितळी सॉकेटांच्या कडा एबोनाइटच्या वर डोकावत, त्यामुळे धोका वाढे. पुढे कारखानदारांनी सॉकेट पृष्ठभागाखाली बुडवले आणि ‘सुरक्षित’ बैठकीची जाहिरात केली. घरगुती बैठकीत मात्र हा गुण बहुधा आपोआपच येत असे. त्याचे कारण तिच्या घडणीत आहे.

घडण अशी. पातळ विद्युत्‌रोधक पदार्थाचे दोन सारखे चौकोन घ्यायचे. व्हॉल्व्हच्या पिनांच्या टोकांना शाई लावून तो कागदावर हलकेच टेकवला की चार ठिपके उमटतात, तोच नमुना. दोन्ही चौकोन एकावर एक घट्ट बांधून त्यांतून एकदमच छिद्रे पाडायची, म्हणजे ती तंतोतंत जुळतात. मग पिनेहून किंचित बारीक अशा खिळ्यावर पितळेची किंवा ब्राँझची तार शेजारी-शेजारी सहा-आठ वेढे गुंडाळायची. खिळा काढला की तारेची लहानशी स्प्रिंग उरते आणि पिन तीत शिरताना ती थोडी फाकून घट्ट धरते. अशा चार स्प्रिंगा दोन चौकोनांच्या मध्ये, छिद्रांसमोर उभ्या ठेवून कोपऱ्यांत स्क्रू आवळले की बैठक तयार होते. स्प्रिंगेचे एक टोक लांब ठेवले तर तेच पुढच्या भागापर्यंत नेता येते. डागाची एक जागा वाचते. स्प्रिंग वरच्या चौकोनाच्या खाली असल्यामुळे धातूचा भाग पृष्ठाशी येत नाही, आणि पिन सरळ छिद्रात शिरल्याखेरीज कोठेही वीज भेटत नाही. गरिबीने केलेली रचना बाजारातल्या पहिल्या रचनेहून सुरक्षित ठरली, हे एक मनोरंजक उदाहरण होय.

खरा प्रश्न पदार्थाचा होता. एबोनाइट हे रबर आणि गंधक यांचे कडक झालेले मिश्रण. उत्तम रोधक, पण उन्हात ठेवले तर त्याच्या पृष्ठावरील गंधकापासून आम्ल तयार होते, रंग हिरवट-तपकिरी पडतो आणि पृष्ठावरून वीज झिरपू लागते. म्हणून वापरण्यापूर्वी त्याची चकाकी काचकागदाने घासून काढण्याची रीत होती. लाकूड स्वस्त आणि हाताशी; पण ते दमट हवेतील पाणी शोषते. व्हॉल्व्हच्या ग्रिडला जो रोध जोडत, तो दोन मेगओहमांच्या सुमाराचा असे. लाकूड ओले असले तर दोन पिनांमधील लाकडाचाच रोध त्या पायरीला उतरू शकतो. मग ग्रिडवरील भार कोणत्या वाटेने ओसरतो याचा नियम राहत नाही, आवाज क्षीण होतो, फाटतो, आणि दोष कोठे आहे हे शोधणारा व्हॉल्व्हला बोल लावत बसतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात उत्तम वाजणारे यंत्र आषाढात घोगरे का होते, याचे अर्धे उत्तर बैठकीच्या लाकडात असू शकते. त्यावर उपाय होता तो असा : लाकूड आधी मंद आचेवर वाळवायचे, मग वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचे. बुडबुडे म्हणजे लाकडातून निघणारी वाफ आणि हवा. ते थांबले की मेणाने त्यांची जागा घेतली असे समजावे. जुन्या ग्रामोफोन तबकडीचे तुकडेही या कामी येत, कारण तबकडीतील चपडा लाख हा चांगला रोधक आहे. तबकडी गरम पाण्यात मऊ करून कापावी लागे, नाही तर ती तडकते. लाख वितळवणे, स्पिरिटात विरघळवून लाकडावर चढवणे, पितळेची तार ओढणे आणि पत्रा वळवणे ही कामे या देशातील सुतार, कासार आणि तांबट यांना नवी नव्हती. बिनतारी यंत्रातील बहुतेक भाग त्यांच्या विद्येबाहेरचे होते. बैठक तेवढी त्यांच्या विद्येत बसत होती.

आणखी एक अडचण होती. त्या काळच्या व्हॉल्व्हचे फिलामेंट फार नाजूक. फळीला धक्का लागला किंवा शेजारच्या कर्ण्यातून मोठा आवाज आला की ते थरथरे आणि यंत्र घुमू लागे. म्हणून बैठक स्प्रिंगांवर किंवा रबरावर तरंगती ठेवण्याची पद्धत पडली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी या कामाला पुरत असे.

एवढ्या क्षुल्लक वस्तूला कायद्याच्या आणि पैशाच्या जगात जे स्थान मिळाले, ते पाहून आश्चर्य वाटते. १९२०च्या दशकात ब्रिटनमधील कारखानदारांना मार्कोनी कंपनीच्या पेटंटांपोटी जे स्वामित्वशुल्क द्यावे लागे, त्याची मोजणी यंत्राच्या किमतीवर नव्हती. ती व्हॉल्व्हच्या बैठकांवर होती. दर बैठकीमागे साडेबारा शिलिंग. दोन बैठकांच्या यंत्रावर पंचवीस शिलिंग, मग ते यंत्र श्रीमंताचे असो की गरिबाचे. स्वस्त यंत्रे करणाऱ्या ब्राऊनी वायरलेस कंपनीने या पद्धतीविरुद्ध दाद मागितली आणि १९२९ साली ते प्रकरण लंडनच्या न्यायालयापुढे गेले. ब्रिटिश पेटंटकायद्यात ते आजही उल्लेखिले जाते. १९२७ नंतरच्या एक शिलिंग सहा पेन्स या दराने साडेबारा शिलिंग म्हणजे आठ रुपये पाच आणे चार पै होतात. त्याच काळात हिंदुस्थानात रेडिओ ऐकण्याच्या वार्षिक परवान्याची फी दहा रुपये होती. ही तुलना अर्थात् कच्ची आहे, कारण शुल्क कारखानदार भरत असे आणि फी श्रोता. तथापि एका बैठकीवर चढलेला बोजा एका वर्षाच्या श्रवणाच्या जवळपास पोहोचत होता, एवढे तिच्यावरून दिसते. स्वतःच्या फळीवर स्वतःसाठी बैठक करणारा माणूस या हिशेबाच्या बाहेर राहत असे. घरगुती बांधणीच्या लोकप्रियतेची कारणे सांगताना हौस आणि जिज्ञासा यांचा नेहमी उल्लेख होतो. या शुल्काचाही व्हावयास हवा.

औरंगाबादच्या बाबतीत आणखी एक सीमा आड येत होती. शहर निजामाच्या राज्यात. मुंबई बंदरात उतरलेला माल ब्रिटिश हिंदुस्थानचा आयातकर भरून मनमाडपर्यंत रुंद मार्गाने येई, तेथून गोदावरी खोऱ्याच्या मीटरमापी मार्गावर चढे, आणि निजामी हद्दीत करोडगिरीचे पाच टक्के भरून औरंगाबादेस पोहोचे. बिनतारी सामानावरील ब्रिटिश हिंदुस्थानचा आयातकर १९३२ साली पन्नास टक्के झाला. चलनही वेगळे, शंभर कलदार रुपयांना सुमारे एकशे सोळा हाली रुपये मोजावे लागत. काचेच्या व्हॉल्व्हला या सर्व नाक्यांवरून यावेच लागे. लाकूड, मेण, लाख आणि पितळ यांना त्याची गरज नव्हती. म्हणजे यंत्रातील परदेशी आणि देशी यांची सीमारेषा बरोबर त्या चार छिद्रांतून जात होती : पिना समुद्रापलीकडच्या, त्यांना धरणारी स्प्रिंग अलीकडची.

१९३३ सालच्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टने ब्रिटिश हिंदुस्थानात ही सीमाही पुसण्याचा प्रयत्न केला. त्या कायद्यातील ‘बिनतारी यंत्रा’च्या व्याख्येत उपकरणांबरोबर साहित्याचाही समावेश आहे, इतर विद्युत्‌कामांत सर्रास वापरले जाणारे साहित्य तिने वगळले, परंतु ते खास बिनतारी कामासाठी घडवलेले वा बदललेले नसावे अशी अट घातली. या शब्दांचा काटेकोर अर्थ लावला, तर तक्त्याचा कोरा तुकडा निर्दोष आणि त्यातच चार विषम छिद्रे पाडताच तो परवान्याच्या कक्षेत! तरतुदीमागची भीती १९४२ साली खरी ठरली. २७ ऑगस्ट रोजी मुंबईत ‘काँग्रेस रेडिओ’ ४२.३४ मीटर लहरीवर बोलू लागला आणि १२ नोव्हेंबरला उषा मेहता व त्यांचे सहकारी पकडले जाईपर्यंत जागा बदलत चालू राहिला. त्याचे प्रक्षेपक यंत्र नरिमन प्रिंटर यांनी जुळवले होते. युद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले होते, तरी सुटे भाग आणि ते जुळवण्याची विद्या मात्र कोणाला जप्त करता आली नव्हती.

निजामी मुलखात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता. हैदराबादचे खाजगी केंद्र १९३५ साली संस्थानाने आपल्याकडे घेतले. त्याची मुख्य भाषा उर्दू होती. औरंगाबादेतही संस्थानाचे केंद्र चालू झाले. मुंबईचे लघुलहरीचे प्रक्षेपण १९३८ साली सुरू झाले आणि मराठी कार्यक्रम तीस मैलांच्या वर्तुळातून मोकळे झाले. आता व्हॉल्व्हचे साधे यंत्र बाळगणाऱ्या मराठवाड्यातील श्रोत्याला दोन सत्तांचे आवाज एकाच बटणावर मिळू लागले. १९४७च्या ऑगस्टपासून पुढील तेरा महिने यातील कोणता आवाज ऐकावयाचा हा केवळ आवडीचा प्रश्न उरला नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती जाहीर झाली ती रेडिओवरूनच. पुढे १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओत विलीन झाली.

बैठकीचे घरगुती युग तोवर उताराला लागले होते. १९२०च्या दशकाच्या अखेरीस पाच पिनांचा व्हॉल्व्ह आला तेव्हा कारागिराला फारसा त्रास पडला नाही. जुन्या चौकोनाच्या मधोमध पाचवे छिद्र पाडले की झाले, आणि चार पिनांचा जुना व्हॉल्व्हही त्याच बैठकीत बसे. १९३५ सालच्या अमेरिकन ‘ऑक्टल’ने मात्र ही सलगी संपवली. आठ पिना समान अंतरावर वर्तुळात, आणि मध्ये दिशा दाखवणारा खुंट. चार पिनांच्या मांडणीत वरून पाहिलेला नमुना खालून पाहिला, तर फक्त फिलामेंटच्या दोन पिना आपसांत बदलतात आणि बहुधा काही बिघडत नाही. ऑक्टलमध्ये तीच चूक केली की एकापासून आठपर्यंतचे सारे आकडे उलट फिरतात. म्हणजे जुन्या मांडणीत हाताच्या चुकीला क्षमा होती, नव्या मांडणीत ती नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाच्या विक्रीतून अशा व्हॉल्व्हांचा बाजारात सुकाळ झाला. त्यांत ब्रिटिश ‘माझ्दा’ ऑक्टलही होते, दिसायला सारखे पण मापाने भिन्न. व्हॉल्व्ह स्वस्त आणि त्याची बैठक दुर्मिळ, अशी उलटी स्थिती काही काळ उद्भवली. तेव्हा पुन्हा काही हातांनी पितळेची पट्टी वळवली असेल. पण बेकेलाइटच्या साच्यातून निघणारी बैठक लवकरच इतकी स्वस्त झाली की गिरमिट हाती घेण्याचे प्रयोजन उरले नाही. फळीही गेली. पत्र्याच्या पेटीला छिद्र पाडायला सुतार नको होता.

शब्दांचा इतिहास यापुढेही चालू राहतो. औरंगाबाद हे १९३८पर्यंत अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ठाणे होते आणि मौलवी अब्दुल हक यांच्या देखरेखीखाली येथे भाषेची मोठी कामे झाली. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाचे भाषांतर-कार्यालय शास्त्रीय संज्ञा घडवीत होते. मराठीत ‘व्हॉल्व्ह’साठी कोणी ‘झडप’ म्हटले, कोणी ‘निर्वात नळी’. पहिला शब्द फ्लेमिंगच्या कल्पनेशी प्रामाणिक आहे, कारण वीज एकाच दिशेने जाऊ देणारी ती झडपच. दुसरा अमेरिकन ‘ट्यूब’ची आकृती पाहतो. दुकानात यांपैकी एकही टिकला नाही. तेथे ‘वॉल’ झाला. बैठकीची गत अधिक कुतूहलाची आहे. इंग्रजीत ‘बेस’ म्हणजे व्हॉल्व्हचे बूड, पिनांसह; ज्यात ते बूड बसते तो ‘होल्डर’ किंवा ‘सॉकेट’. हिंदुस्थानी बाजाराने हा भेद मोडला आणि फळीवरच्या बैठकीलाच ‘बेस’ म्हटले. बसणारी वस्तू आणि बसण्याची जागा यांना एकच नाव देणे मराठीला परके नाही. ‘बैठक’ हा शब्दच बसण्याची क्रिया, बसण्याची जागा आणि बसलेली मंडळी या तिन्ही अर्थांनी चालतो. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग एकात्म मंडलांच्या काळ्या चिपा आल्या. त्यांच्याही पायांना बसायला प्लास्टिकची बैठक लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती मागायची झाली तर इंग्रजी शब्दकोशातील ‘सॉकेट’ न म्हणता ‘आयसी बेस’ म्हणतात.